कैफियतीचा कोरा रकाना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात काय घडते, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव, मध्ये पळसाचे झाड आणि दोन्ही बाजूंनी गोटे. या प्रथेच्या बऱ्यावाईटाची चर्चा आपण पुष्कळदा केली आहे. तिच्यात एक गोष्ट मात्र उघड असते. दगड फेकणारा समोर उभा असतो आणि ज्याला तो लागतो त्याला फेकणारा दिसतो. आज ज्या प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे, त्यात नेमके हेच घडत नाही. एखाद्याने जमिनीत विष सोडावे, ती जमीन विकून निघून जावे आणि तीस वर्षांनी तेथे घर बांधणाऱ्याच्या विहिरीत ते उतरावे. तोवर विचारायला कोणी उरत नाही. मग त्या विषाचे उत्तरदायित्व कोणाचे?

या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या राज्याच्या राजधानीतच आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्रीची भोपाळची वायुगळती सर्वांना ठाऊक आहे. त्या कारखान्याच्या जमिनीची कथा तितकी ठाऊक नाही. युनियन कार्बाइडचा हा कारखाना 1969 पासून शासनाने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर उभा होता. कपाशीवर फवारले जाणारे सेविन हे कीटकनाशक तेथे तयार होत असे. कारखान्याचा टाकाऊ माल आवारातील खड्ड्यांत आणि 1977 पासून आवाराबाहेरील बाष्पीभवनाच्या तळ्यांत जात होता. वायू एका रात्रीत सुटला. माती मात्र कित्येक वर्षे भरत होती. 1989 साली 47 कोटी डॉलरांची तडजोड झाली, 1994 साली कंपनीने आपले भाग विकले, 1998 साली जमीन शासनाकडे परत आली, 2001 साली मूळ अमेरिकन कंपनीही डाऊ या दुसऱ्या कंपनीकडे गेली. मालक बदलत गेले, विष जागेवर राहिले. भोवतालच्या वस्त्यांना नळाचे शुद्ध पाणी द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2004 साली द्यावा लागला. पुढे 2010 साली नागपूरची नीरी आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संस्था यांनी केलेल्या अभ्यासात दूषित मातीचा अंदाज सुमारे 11 लाख टन निघाला.

2005 च्या सुमारास आवारातील काही शे टन कचरा गोळा करून एका शेडमध्ये ठेवण्यात आला. तो न्यावा कोठे, याची वाटाघाट वीस वर्षे चालली. गुजरातेतील अंकलेश्वरचा विचार झाला, जर्मनीचाही झाला. 2011 साली नागपूरजवळच्या बोरखेडीचे नाव पुढे आले. भोपाळहून नागपूरला जाणारा रस्ता आपल्या पांढुर्ण्यावरूनच जातो. नागपुरातून व महाराष्ट्र शासनाकडून विरोध झाला आणि तो बेत बारगळला, तेव्हा प्रस्तुत लेखकाने सुटकेचा निःश्वास टाकला होता, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. अखेर 1 जानेवारी 2025 च्या रात्री 337 टन कचरा बारा कंटेनरांतून पिथमपूरला निघाला. तेथील लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यांची भीती आणि माझी 2011 ची भीती यांत कोणता फरक होता? मला तरी सापडला नाही. जूनअखेर तो कचरा जाळून झाला. जाळताना चुना वगैरे मिसळल्यामुळे राख व अवशेष मूळ वजनाच्या दुपटीहून अधिक, आठशे टनांवर गेले. आता ही राख कोठे पुरावी, यावरून वाद सुरू झाला. भोपाळची 11 लाख टन माती या हिशेबात अद्याप आलेलीच नाही. एका तीरावरून दुसऱ्या तीरावर फेकल्याने गोटा नाहीसा होत नाही, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

परंतु भोपाळचे नाव घेऊन स्वतःला मोकळे करून घेणे सोपे आहे. नोकरीच्या काळात एका तहसिलीच्या गावी शेतजमिनीच्या व्यपवर्तनाची, म्हणजे आपल्या बोलण्यातील डायव्हर्शनची, प्रकरणे माझ्यापुढे येत. एका जागेवर घरांची वसाहत व्हावयाची होती. स्थळपाहणीच्या वेळी बरोबरचा वृद्ध कोतवार म्हणाला, "साहेब, इथं पूर्वी फवारणीच्या औषधाचे पिंप पडून राहत. पुढं चार पावसाळे गवत उगवलं नाही." मी त्याला विचारले, "मग हे लिहायचे कुठे?" तो गप्प झाला. खसऱ्यात भूमिस्वामीचे नाव होते, क्षेत्र होते, पीक होते. कैफियतीचा रकाना कोरा होता आणि तो मी कोराच राहू दिला. प्रकरण नियमात बसत होते, स्वाक्षरी केली. काही वर्षांनी त्या गावी जाणे झाले तेव्हा वसाहतीतील लोकांनी हातपंपाचे पाणी पिणे सोडलेले होते. त्याला औषधासारखा वास येतो, असे ते म्हणत होते. मी कोण, हे मी त्यांना सांगितले नाही.

नियमांत बसणे आणि निर्दोष असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा उमगले. वस्तुतः 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की, घेणाऱ्याला साधारण दक्षतेने कळणार नाही असा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. मातीतील विष याहून निराळे काय आहे? पण केवळ उघड केले म्हणजे कर्तव्य संपले, असेही नाही. अमेरिकेत नायगरा फॉल्स शहरी एका रासायनिक कंपनीने लव्ह कॅनॉल हा आपला पुरलेला कचऱ्याचा कालवा 1953 साली शाळामंडळाला एका डॉलरला दिला. खाली रसायने आहेत आणि पुढे कंपनीवर दावा चालणार नाही, असे खरेदीखतात स्पष्ट लिहिले होते. तरीही तेथे शाळा झाली, भोवती घरे झाली आणि 1978 साली आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना हलवावे लागले. त्या कंपनीने सत्य सांगितले ते स्वतःला वाचवण्यासाठी. पुढे तेथे राहणाऱ्या मुलांना वाचवण्यासाठी सांगितले असते तर ती जमीन तिने दिलीच नसती. सत्य कोणासाठी सांगितले, यावर त्याचे नैतिक मोल ठरते, असे मला वाटते.

जुलै 2025 मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रसिद्ध केले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने राज्य प्रदूषण मंडळाला कळवावी, मंडळाने तपासणी करावी आणि शुद्धीकरणाचा खर्च दूषित करणाऱ्याकडून घ्यावा, अशी त्यांत व्यवस्था आहे. उशिरा का होईना, कोऱ्या रकान्याला जागा मिळाली. पण तो भरणार कोण? बदलून आलेल्या अधिकाऱ्याला गावाचा भूतकाळ ठाऊक नसतो. बाहेरून येऊन प्लॉट घेणाऱ्याला तर नसतोच.

तो ठाऊक असतो आपल्याला. आपली घराणी या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. 1956 साली राज्याची सीमा बदलली, आपण हललो नाही. कोणत्या पडीत कातडी कमावली जात, कोठे रंगाची कुंडे होती, कोणत्या गोदामात औषधाचे डबे फुटले, कोणत्या विहिरीचे पाणी गुरे टाळत, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आजही सांगता येते. आता पांढुर्णा जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. शेतांचे प्लॉट वेगाने पडत आहेत. त्यांतील काही प्लॉट आपलेच आहेत, आणि त्यामुळेच भाव पडेल म्हणून गप्प बसण्याचा मोह आपल्याला अधिक आहे. जमिनीबरोबर तिची आठवणही आपल्याकडे आली. जमीन विकता येते, पण आठवण देण्याचे ऋण विक्रीने फिटत नाही.

मी माझ्यापुरते एक केले आहे. त्या वसाहतीची जागा, तिचा खसरा क्रमांक आणि कोतवाराचे ते वाक्य एका अर्जात लिहून संबंधित जिल्हा कार्यालयाकडे पाठवले आहे. खाली स्वाक्षरी केली आहे. पहिल्या स्वाक्षरीचा परिणाम तिने पुसला जाणार नाही. तरी वाचकांपैकी कोणाला अशी एखादी जागा आठवत असेल, तर ती आजच लिहून ठेवावी, ही विनंती.