काचपात्रातील औषध

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुदीक्षा होऊन आम्हांस फार दिवस झाले नव्हते. एका संध्याकाळी मिस्सा आटोपल्यावर एक माता वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आमच्याकडे आली. प्रयोगशाळेतील चाचणीत एका नव्या द्रव्याने एचआयव्हीची वाढ रोखली, अशी ती चार ओळींची बातमी होती. तिचा तरुण मुलगा त्याच व्याधीने अंथरुणाला खिळला होता. ‘‘फादर, त्याला सांगू का?’’ एवढेच तिने विचारले. ‘‘सांगा मावशी, औषध येत आहे,’’ असे आम्ही म्हणालो.

पुढे दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यास जात असू, तेव्हा तो विचारी, ‘‘फादर, ते औषध आले का?’’ आठ महिने तो विचारीत राहिला. औषध आले नाही, तो गेला.

आम्ही खोटे बोललो काय? कोणतेही असत्य, मग ते दयेपोटी का असेना, पापच होय, असे संत ऑगस्टीनचे मत. मनात एक आणि ओठांवर दुसरे ठेवून फसविणे म्हणजे असत्य, ही सेमिनरीत शिकलेली कसोटी लावली तर आम्ही सुटतो. कारण आम्ही बोललो ते मनापासून मानीत होतो. परंतु बातमीतील एक शब्द आम्ही गाळला होता. तो शब्द ‘प्रयोगशाळेतील’ हा.

त्या शब्दाचा अर्थ पुढे सवडीने वाचला. एझेडटी या औषधाचेच पाहा. १९६४ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे जेरोम हॉर्विट्झ यांनी ते कर्करोगासाठी तयार केले. उंदरांवर गुण आला नाही, म्हणून ते फडताळात पडून राहिले. १९८५ च्या फेब्रुवारीत बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत हिरोआकी मित्सुया यांनी ते एचआयव्हीवर तपासले. ही तपासणी तशी साधी असते. एका नळीत माणसाच्या टी-पेशी आणि विषाणू. काही दिवसांत पेशी मरतात. दुसरीत पेशी, विषाणू आणि द्रव्य. पेशी तगल्या तर आशेला जागा. पण तिसरी नळीही लागतेच. तीत विषाणू नसतो, केवळ निरोगी पेशी आणि द्रव्य. विषाणू तर घरातल्या ब्लीचनेही मरतो. प्रश्न असतो तो पेशी वाचविण्याचा. किती मात्रेने विषाणूची वाढ निम्म्यावर येते आणि किती मात्रेने निम्म्या पेशी मरतात, या दोन आकड्यांत अंतर जितके मोठे तितके द्रव्य पुढे नेण्याजोगे.

एवढे झाले तरी काचेच्या नळीला यकृत नसते, अस्थिमज्जा नसते, रात्री ओकारी येत नाही. एझेडटीने पुष्कळ रुग्णांचे रक्त इतके उतरले की बाहेरून रक्त द्यावे लागले. तरीही १९८६ च्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी एक दगावला, तर नुसती साखरेसारखी गोळी घेणाऱ्यांपैकी एकोणीस. म्हणून चाचणी मध्येच थांबवून सर्वांना औषध देण्यात आले. मार्च १९८७ मध्ये मान्यता मिळाली. नळीपासून औषधाच्या दुकानापर्यंत अवघी दोन वर्षे, हा वेग विरळाच. पण एकटे एझेडटी फार काळ पुरत नाही, विषाणू त्याला सरावतो, हेही कळून चुकले. आणि १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याने मृत्यूचे प्रमाण खरोखर घटले.

येथेच आमचे मन अडते. आम्ही त्या मुलाला काचपात्रातील औषधाची वाट पाहावयास लावले, तेव्हा माणसांवर सिद्ध झालेली औषधे जगात होती. त्यांची किंमत त्या घराच्या आवाक्यापलीकडची होती. मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा खर्च साडेतीनशे डॉलरवर आणण्याची तयारी दाखविली ती २००१ मध्ये, आणि आपल्या सरकारने मोफत औषधे देण्यास प्रारंभ केला तो १ एप्रिल २००४ रोजी. ‘औषध आहे, पण तुला परवडणारे नाही,’ हे त्याच्या खाटेशी बसून सांगणे आम्हांस जमले नसते. ‘औषध येत आहे’ हे सोपे होते. ते त्याच्या नव्हे, आमच्या सोयीचे होते, असे आज वाटते.

एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंनी आमची समजूत घातली होती, ‘‘अरे, त्या आशेवर तो आठ महिने जगला.’’ हे म्हणणे झटकून टाकता येत नाही. परंतु आखातातील थोरल्या भावाशी त्याचा अबोला होता. त्याला पत्र लिही, असे आईने किती वेळा विनविले. ‘बरा झालो की लिहीन,’ हे त्याचे उत्तर. भाऊ आला तो दफनविधीला.

अलीकडे एक गृहस्थ असेच कात्रण घेऊन आले. व्याधी निराळी, बातमी तीच. आम्ही त्यांना बसविले, चष्मा लावला आणि बातमी त्यांच्यासोबत शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. चाचणी पेशींवर झाली होती, माणसांवर नव्हे. तसे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘फादर, आज जी औषधे मिळतात ती कुठे मिळतात, तेवढे विचाराल का?’’ आम्ही फोन उचलला.