जेवणाची सोय

बँकेत मार्चअखेर. सीएच्या कचेरीत सप्टेंबर. कापडदुकानात दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस, आयटी कंपनीत ‘रिलीज’चा आठवडा, साखरपट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालणारा गळीत हंगाम. प्रत्येक धंद्याचा असा एक काळ असतो, आणि त्या काळात माणूस आधी झोपेला कात्री लावतो, मग जेवणाला. सकाळी चहा-बिस्किटांवर घर सोडायचं, दुपारी डबा पिशवीतच राहू द्यायचा, चारला खाली जाऊन वडापाव खायचा आणि रात्री अकराला भूक अनावर झाली की मोबाइलवरून बिर्याणी मागवायची. महिनाभर हे चालतं. मग कुणीतरी वडीलधारं माणूस किंवा डॉक्टर सांगतात, ‘जरा मनावर घ्या, तब्येतीकडे बघा.’

सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. माणूस सर्वांत थकलेला असतो, नेमका तेव्हा हा सल्ला सगळा भार त्याच्या एकट्याच्या मनोबलावर टाकतो. कामाच्या रेट्यात कोण नीट जेवतं हे बघितलं, तर मनोबलापेक्षा दुसरीच गोष्ट ठळकपणे दिसते. ज्याच्या जेवणाची सोय आधी कुणीतरी करून ठेवलेली असते, तो जेवतो.

यात शरीराचाही वाटा आहे. झोप कमी झाली की भूक वाढवणाऱ्या घ्रेलिनचं प्रमाण वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणाऱ्या लेप्टिनचं कमी होतं. सात-आठ तास उपाशी राहिलेला माणूस भराभर जेवतो, आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. तोवर ताटात दुप्पट वाढून झालेलं असतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे कुठल्याही मोठ्या कचेरीत असे सहकारी असणारच. त्यांच्यातला कुणी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेत असेल आणि मीटिंग लांबली म्हणून त्याचं जेवण चुकलं, तर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. जेवणाची वेळ पाळणं हा त्याच्यासाठी औषधाचाच भाग आहे.

मुंबईने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवायला सुरुवात केली. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडच्या माणसांनी त्यातून जे जाळं उभं केलं, त्याचं कौतुक आज जगभर होतं. कौतुक बहुधा अचूकपणाचं असतं. पण घरी शिजलेलं अन्न दुपारी कामाच्या जागी, ठरल्या वेळी हातात येतं, हेच मुळात मोठं काम होतं. डबा समोर आला की माणूस तो उघडतो.

पण मुंबईतल्याच गिरणगावात कामगाराचं घर सांभाळणारं माणूस गावी, डबा कोण देणार? कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार गाळ्यांत दाटीवाटीने राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, आणि जेवायला खानावळवाल्या बाईकडे जायचे. ती एका खोलीत, पाळ्यांच्या वेळा सांभाळून, वीस-पंचवीस जणांचं रांधायची. पैसे मिळायचे गिरणीचा पगार झाल्यावर. तोवर वाणसामान उधारीवर, नाहीतर सावकाराच्या चढ्या व्याजावर. लाखो माणसांची पाळी या बायकांच्या चुलीवर चालत होती आणि त्यांना कामगार म्हणून कुणी मोजत नव्हतं. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून या खानावळवाल्यांना संघटित केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. कामगारांच्या आहाराबद्दल बोलताना हे काम आधी आठवायला हवं. जेवणाऱ्याची सोय टिकवायची तर रांधणारीची सोय आधी पाहावी लागते, हे प्रेमाताईंनी ओळखलं होतं.

पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने तेच वेगळ्या तऱ्हेने केलं. बाजारात धान्याची आणि गुळाची ओझी वाहणाऱ्या हमालाला दुपारी पोटभर आणि खिशाला झेपेल असं जेवण मिळावं, म्हणून १९७० च्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू झालं. ना नफा ना तोटा या तत्त्वावर. भाकरी, पिठलं किंवा झुणका, उसळ, खर्डा, कांदा. हे ताट नीट पाहण्यासारखं आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तितकाच चोथा असतो. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी पडतं, ती उणीव पिठल्यातलं बेसन आणि उसळीतलं कडधान्य भरून काढतं. पोटाला जड न होता तासन् तास टिकणारं हे जेवण आहे. ते ठरवायला कुणा परदेशी आहारतज्ज्ञाची गरज पडली नाही. गरज होती ती बाजाराच्या जवळ, कामाच्या वेळेत, परवडेल त्या दरात ते वाढणाऱ्या माणसांची.

अशी सोय नसली की काय होतं, ते उसाच्या फडात दिसतं. बीडकडून आलेली जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेऊन हंगामभर कारखान्याच्या परिसरात कोपी घालून राहते. पहाटे तीन-चारला बाई उठते. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापते, फडक्यात बांधते, बरोबर ठेचा किंवा चटणी घेते, आणि उजाडायच्या आत दोघं फडात पोचतात. नवरा ऊस तोडतो. ती पाला काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून नेऊन गाडी भरायला हात लावते. मधेच बांधावर बसून गार भाकरी खाल्ली जाते. गाडी रात्री आली तर रात्रीही भरायला जावं लागतं. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, आणि त्याचे पैसे कापले जातात. फडात आडोसा नाही म्हणून बायका पाणीसुद्धा बेताने पितात, उन्हात राबताना.

या बाईला काय खावं हे कुणी शिकवण्याची गरज नाही. तिची भाकरी पुण्याच्या हमालाच्या भाकरीइतकीच उत्तम आहे. भाकरीशेजारी डाळ, भाजी, ताक का नाही, आणि ती खायला अर्धा तास का नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर तिच्या हातात नसून उचलीच्या आणि खाड्याच्या हिशेबात आहे.

कचेरीत बसणाऱ्याची स्थिती तिच्याशी तोलणं अन्यायाचं होईल. त्याच्या हाती पुष्कळ काही असतं. मटकीला मोड यायला दोन दिवस लागतात, पण आपला हात लागतो तो जेमतेम दहा मिनिटं. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी एकदा कुटली की पंधरवडा पुरते. कुकरमध्ये वरण, भात आणि भाजी एकावर एक लावता येतात. खणात फुटाणे-शेंगदाणे आणि दोन केळी असली, तर चारचा वडापाव रोजचा न राहता कधीमधी मजेने खाता येतो. रात्री उशीर होणार हे माहीत असेल तर मोठं जेवण दुपारी उरकावं, रात्री मऊ भात, मेतकूट आणि ताक पुरतं. यात नवं काही नाही, मराठी घरांत हे सगळं चालत आलेलं आहे.

पण ती मटकी भिजवतं कोण? २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या पुरुषांपैकी दिवसाकाठी विनामोबदला घरकामात हात घालणारे अवघे २६ टक्के होते, बायकांत हे प्रमाण ८१ टक्के. जे करतात त्यांतही पुरुष दिवसाला ९७ मिनिटं देत होते आणि बायका २९९. मार्चअखेर बँकेतल्या बाईंचाही असतो. घरच्या पुरुषाचा डबा वेळेवर जातो आणि तिचा पोळीचा रोल लोकलमध्ये उभ्याने खाल्ला जातो, हे अनेक घरांत अजून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. सकस आहाराची चर्चा तिच्या या पाच तासांपर्यंत पोचत नसेल, तर ती चर्चा अर्धवटच म्हणायची.

बाकीचा वाटा कामाच्या मालकाचा. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मधे किमान अर्ध्या तासाची सुट्टी हवी, असं लिहिलं. अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृह काढायला लावण्याची तरतूदही त्यात केली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही पाच तासांनंतर अर्ध्या तासाची तीच सुट्टी सांगितली. म्हणजे दुपारचं जेवण ही साहेबांची मेहेरबानी नव्हे, हे कायद्याने कधीच मान्य केलेलं आहे. प्रत्यक्षात एकची मीटिंग अडीचपर्यंत लांबते आणि सगळ्यांत कनिष्ठ माणसाला उठून जायची हिंमत होत नाही. सणाच्या गर्दीत काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलीला जेवायला सोडणारं दुसरं माणूस नेमलेलं नसतं.

म्हणून विनंती काम वाटून देणाऱ्यांना आहे, मग ते बँकेचे मॅनेजर असोत, दुकानाचे मालक असोत, प्रोजेक्ट लीड असोत की कारखान्याचे शेतकी अधिकारी. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक आखताना जेवणाची वेळ आधी कोरी ठेवा, त्या वेळेत बदली माणूस द्या, डबा गरम करायची आणि बसून खायची जागा द्या, आणि त्या अर्ध्या तासात स्वतःही उठून जेवायला जा. तुम्ही उठल्याशिवाय तुमच्या हाताखालची माणसं उठणार नाहीत.