भूमी कोणाची, वाफा कोणाचा?

विश्वजित् नावाच्या यागात यजमानाने सर्वस्व दान करावे, असा विधी आहे. त्यावर पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात शंका निघाली. सर्वस्वात भूमीही आली का? राजाने राज्याची पृथ्वी ऋत्विजांना देऊन टाकावी का? जैमिनींचा निर्णय असा की, देऊ नये. कारण भूमी सर्वांना सारखीच. जे एकट्याचे नव्हे, ते एकट्याने कसे द्यावे? उलट मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जुन्या जाणत्यांचे मत आहे की, ज्याने रान तोडले त्याचे शेत. एक म्हणतो सर्वांची, दुसरा म्हणतो कष्टणाऱ्याची. मग खरे काय मानायचे?

हा वाद नुसता पोथीतला नव्हे, बरं का. इंग्लंडात तो आजही मातीत चालतो. तिकडे १८व्या आणि १९व्या शतकांत गावोगावची सामायिक राने कायदे करून कुंपणात घातली गेली. गरिबाची गाय चरायची जागा गेली, सरपणाची जागा गेली. त्याची थोडी भरपाई म्हणून अलॉटमेंटची, म्हणजे सामायिक जमिनीत वाटून दिलेल्या भाजीच्या तुकड्यांची, चाल वाढली. १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा मतदारांनी लेखी मागणी केली, तर स्थानिक कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. रूढ तुकडा १० पोलांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने बरोबर अडीच गुंठे. १९२२ च्या कायद्याने पीक मुख्यतः आपल्या नि घरच्यांच्या पोटासाठी असावे, असे ठरले. भाडे भरावे, कसावे, खावे. तुकडा विकता येत नाही.

पाहा, इथे दोन्ही वचनांचा मेळ बसतो. भूमी सर्वांची, म्हणून ती कोणाच्या मालकीची होत नाही. वाफा कष्टणाऱ्याचा, म्हणून त्याच्या कोबीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. पण हक्क कष्टातून आला, तर कष्ट थांबल्यावर तो उरतो का? खरी गाठ इथे आहे.

समजा, एक म्हातारा गडी आजारी पडला. त्याच्या तुकड्यात गवत माजले, त्याचे बी शेजाऱ्याच्या वाफ्यात उडू लागले. इकडे यादीत एक बाई दोन लेकरे घेऊन वाट पाहते आहे. कित्येक ठिकाणी ही वाट वर्षानुवर्षे पाहावी लागते. नियम मोडल्यास महिन्याची सूचना देऊन तुकडा काढून घेण्याची सोय कायद्यात आहे. मग काढून घ्यावा का? कोणी म्हणेल, अहो, आजाऱ्याला हाकलणे हा कसला धर्म! खरे आहे. पण त्या बाईला ताटकळत ठेवणे हा तरी कोणता धर्म? म्हातारा डोळ्यांसमोर दिसतो म्हणून त्याची कणव येते. ती बाई कुंपणाबाहेर आहे, म्हणून तिचे दुःख हलके होत नाही.

याचे समाधान असे. आधी आळस आणि आपत्ती यांचा निवाडा करावा. आळशाला सूचना द्यावी. आपत्तीत सापडलेल्याचा तुकडा शेजाऱ्यांनी पाळीपाळीने एक हंगाम राखावा. पुढेही त्याला झेपेना, तर त्याच्या संमतीने अर्धा तुकडा त्या बाईला द्यावा. आणि शेजारी खुरपे धरायला तयार नसतील, तर त्यांनी दयेच्या गोष्टी सांगू नयेत. दया करायची ती आपल्या घामातून; वाट पाहणाऱ्याच्या ताटातून नव्हे.

म्हणून सज्जनहो, अशी जागा नव्याने उभी करणाऱ्यांनी पाणी पाहावे, गाडीवाट पाहावी, जुन्या कारखान्याची जमीन असेल तर माती तपासून घ्यावी. पण पहिली कुदळ मारण्याआधी तुकडा सोडावा कसा, हे लिहून ठेवावे. घेण्याच्या वेळी सगळेच गोड बोलतात. सोडण्याच्या वेळी माणूस कळतो. अर्जावर सही करणाऱ्या सहांनीही पाण्याजवळचे कोपरे आधी धरू नयेत. सर्वांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात, निघेल तो तुकडा घ्यावा. नाहीतर जुनी कुंपणे मोडायला निघालेली मंडळी स्वतःच नवे कुंपण घालून बसायची. भूमी सर्वांना सारखी, या वचनाची परीक्षा ती मागताना होत नाही. आपला वाफा दुसऱ्याच्या हाती देताना होते.