जुन्या बेलरचा दोष कोणी सांगायचा?

धामणगाव रेल्वेच्या शिवारात सोयाबीन निघाले की पाठोपाठ कुटाराचा प्रश्न येतो. थ्रेशरमधून पडलेले कुटार निदान एका ढिगात असते. हार्वेस्टर फिरलेल्या वावरात मात्र ते ओळीने पसरून राहते, आणि हरभऱ्याच्या पेरणीची घाई असल्याने काडी लावून मोकळे होणारे कमी नाहीत. ज्याच्या गोठ्यात गुरे आहेत किंवा ज्याला कुटार विकायचे आहे, त्याला लहान चौकोनी गाठी बांधणारा बेलर हवासा वाटतो. एकट्या माणसाला उचलून गाडीत टाकता येईल, गोठ्याच्या कोपऱ्यात रचता येईल एवढीच ती गाठ असते. नवा बेलर झेपत नाही म्हणून जुना शोधायचा, आणि जुना म्हटले की सगळी चर्चा घेणाऱ्याच्या हुशारीवर येऊन थांबते: काय तपासायचे, सोबत कोणाला न्यायचे, भाव किती पाडायचा. विकणाऱ्यावर काही बंधन आहे का, हे कोणी विचारत नाही. आपल्या वस्तूतला जो दोष आपल्याला पक्का ठाऊक आहे आणि समोरच्याला दिसणे शक्य नाही, त्याबद्दल गप्प राहणे हा अधर्म की नुसता व्यवहार? माझ्या मते तो अधर्म आहे, आणि त्याची नोंद खोटे बोलण्याच्या खात्यात न होता चोरीच्या खात्यात व्हायला हवी.

आधी यंत्राकडे पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्याच्या रचनेवर उभा आहे. बेलरचे काही दोष उघड्यावर असतात. पिकअपचे तुटलेले दाते मोजता येतात, गाठीच्या पेटीचा गंजून पातळ झालेला पत्रा बोटाने ठोकून कळतो, फ्लायव्हील हाताने फिरवले की कुटार दाबणारा प्लंजर किती हलतो तेही समजते. कापणारी पाती झिजली असतील तर त्यांच्यामधली फट दिसते. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते, त्यामुळे पंजाब-हरियाणात याच पेंढ्यावर चाललेल्या यंत्राची पाती जरा जास्तच निरखून पाहावीत. खरी मेख नॉटरमध्ये, म्हणजे सुतळीला गाठ मारणाऱ्या भागात आहे. गाठ पुरेशी लांब झाली की खालून सुई सुतळी घेऊन वर येते, खाचेची चकती ती धरते, चोचीसारखा आकडा स्वतःभोवती फिरून फास तयार करतो, टोके जबड्यात पकडतो, पाते सुतळी कापते आणि एक दांडा तो फास आकड्यावरून ओढून काढतो. एवढे सगळे प्लंजरच्या दोन फटक्यांमध्ये उरकते. शेडमध्ये उभ्या यंत्रावर हाताने चाक फिरवले तर झिजलेला आकडासुद्धा सुबक गाठ मारून दाखवतो, कारण सुतळीवर ताणच नसतो. पेटीत कुटार दाबून भरले आणि ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे यंत्राला गती देणारा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरू लागला की मग काही गाठींमागे एखाद्या गाठीची एक बाजू सुटते. हे कळते ते फक्त ज्याने हंगामभर ट्रॅक्टरवर बसून मागे वळून पाहिले आहे त्याला. म्हणजे यंत्रासोबत एक माहितीही तयार झालेली असते आणि ती एकाच माणसाजवळ असते. त्याने आकड्याला ग्रीस लावले, यंत्राला नवा रंग मारला आणि तो गप्प बसला, तर त्याने एकही शब्द खोटा उच्चारलेला नसतो.

कायदा इथे कुठे उभा आहे ते पाहण्यासारखे आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे १७वे कलम कपटाची व्याख्या करते आणि त्याच्या स्पष्टीकरणात म्हणते की नुसते मौन हे साधारणपणे कपट नव्हे. जिथे बोलणे हे कर्तव्यच असते, किंवा मौनाचाच अर्थ बोलण्यासारखा होतो, तिथे मात्र ते कपट ठरते. दिलेली उदाहरणे घोड्याची आहेत. लिलावात कोणी आपला सदोष घोडा विकला आणि दोषाबद्दल अवाक्षर काढले नाही, तर ते कपट नाही. तोच घोडा नुकत्याच सज्ञान झालेल्या स्वतःच्या मुलीला विकला, तर नात्यामुळे सांगणे भाग आहे. आणि घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निरोगी समजेन’, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच आहे. तिसऱ्या उदाहरणाचा उपयोग जुने यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने करावा. एक सरळ प्रश्न विचारला की मौनाची सोय संपते. मला अडचण वाटते ती पहिल्या दोन उदाहरणांमधल्या अंतराची. घोडा तोच, दोष तोच, बदलले ते फक्त घेणाऱ्याचे नाते. कायद्याला सीमा कुठेतरी आखावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुलीला सांगावे असे वाटते म्हणजे दोष सांगण्याजोगा आहे हे विकणाऱ्याला आतून कबूल असते. परक्याला न सांगणे त्याला चालते ते परका आपला कोणी लागत नाही म्हणून. धर्माचा प्रश्न नेमका इथून सुरू होतो, कारण जवळच्यांशी नीट वागायला धर्म लागतच नाही.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात खरेदी केलेल्या वस्तूच्या परीक्षेची मुदत दिली आहे. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. याच यादीत दासीला महिना आणि दासाला पंधरवडा आहे, आणि ते झाकून उरलेले तेवढे मिरवणे मला पटत नाही; माणसांना मालात मोजणाऱ्या समाजाचा हा कायदा आहे. तरी त्यातली एक समजूत पक्की आहे. मुदत वस्तूच्या किमतीवर ठरलेली नाही, दोष उघडा पडायला किती वेळ लागतो त्यावर ठरलेली आहे. लोखंड आज ठोकून कळते. बियाणे उगवायला दिवस लागतात. बैल जुंपल्याशिवाय, आणि तोही सलग काही दिवस जुंपल्याशिवाय, बसका आहे की कामाचा ते कळत नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर लिहिलेली मिताक्षरा टीका, ब्रिटिश न्यायालयांनी वारसाहक्कासाठी जिचा आधार घेतला तीच, हे स्पष्ट करते की मुदतीत दोष आढळला तर माल परत करता येतो, नंतर नाही. आता बेलर कुठल्या रांगेत बसवायचा? घडणीने तो लोखंड आहे आणि बाजारात त्याला लोखंडाचाच न्याय मिळतो: उभ्या उभ्या पाहा, पैसे मोजा, घेऊन जा. त्याच्या दोषाची जात मात्र बैलाची आहे. वऱ्हाडातल्या बैलबाजारात जोडी गाडीला जुंपून पाहिल्याशिवाय शहाणा माणूस सौदा करत नाही, आणि जुंपू न देणाऱ्या विक्रेत्याबद्दल काय समजायचे ते सगळ्यांना ठाऊक असते. त्याच माणसाला कुटाराच्या ओळीवर चालवून न पाहता बेलर घ्यायला सांगतो तो विक्रेता एका दिवसाच्या मालाचे नियम पाच दिवसांच्या मालाला लावतो आहे.

हे चोरीच्या खात्यात का घालायचे? जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या व्रतांना लागणारे अतिचार, म्हणजे दोष, दिले आहेत. खोटे माप आणि एका मालाच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा दुसरा माल खपवणे हे दोन्ही तिथे सत्यव्रताखाली येत नाहीत, अचौर्यव्रताखाली येतात. हे वर्गीकरण मला फार अचूक वाटते. खोटे बोललो का, या प्रश्नाला विक्रेत्याजवळ तयार उत्तर असते: मी काहीच बोललो नाही. घेतले काय, या प्रश्नाला ते उत्तर चालत नाही. घेणाऱ्याने चांगल्या नॉटरचे पैसे मोजले, विकणाऱ्याला ते चांगल्या नॉटरचे आहेत हे माहीत होते, आणि त्याने ते झिजलेल्या नॉटरसाठी ठेवून घेतले. त्या फरकाएवढी रक्कम देण्याला घेणाऱ्याची संमती कधी नव्हतीच. धामणगावच्या जिन-प्रेसवाल्या बाजाराला हे नवे नाही. रुईची गाठ एकदा पट्ट्यांनी आवळली की आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. वरून शुभ्र आणि पोटात ओली किंवा हलकी रुई भरता येते. म्हणून १९२५च्या कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक सक्तीचा केला. घेणाऱ्याने गाठ फोडून पाहावी असे कायद्याने म्हटले नाही. आत काय आहे हे ज्याला माहीत, त्याने आपली ओळख गाठीवर ठेवावी असे म्हटले.

पहिला आक्षेप भावाचा: जुने आहे म्हणूनच स्वस्त आहे, दोष किमतीत धरलेला आहे. हे अर्धे खरे आहे. वय किमतीत धरलेले असते, कारण ते दोघांना माहीत असते. जो दोष एकालाच माहीत आहे तो किमतीत येणार कसा? आला असता तर लपवण्याचे कारणच उरले नसते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. सगळे गप्प असताना एकाने दोष सांगितला तर त्याचा बेलर पडून राहील आणि शेजाऱ्याचा, त्याहून वाईट, विकला जाईल. धर्म पाळण्याचा दंड एकट्याने का भरावा? हा तोटा खरा आहे, आणि तो नाकारणारे उपदेशक मला आवडत नाहीत. पण त्याचे कारण शोधले तर ते पुन्हा मौनापाशीच येते. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकर्लोफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की घेणाऱ्याला चांगले-वाईट ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांना मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खराब उरतात. ज्याने बेलर जपून वापरला, हंगाम संपल्यावर सुतळी काढून, तेल लावून झाकून ठेवला, त्यालाही रंग मारलेल्या यंत्राचाच भाव मिळतो. प्रामाणिक माणसाचा तोटा त्याच्या बोलण्याने झालेला नसतो, इतरांच्या गप्प राहण्याने झालेला असतो. व्यापार वेगळा आणि धर्म वेगळा असे ज्यांना वाटते त्यांनी महाभारताचे शांतिपर्व उघडावे: तपाचा गर्व झालेल्या जाजली ऋषीला धर्म शिकायला वाराणसीच्या तुलाधार नावाच्या दुकानदाराकडे जावे लागते. व्यासांना त्यासाठी दुसरा तपस्वी सहज मिळाला असता.

सर्वांत अवघड आक्षेप उरतो. विकणाऱ्यालाच माहीत नसेल तर? लिलावातून यंत्र उचलून पुढे विकणाऱ्या दलालाने ते कधी चालवलेलेच नसते, आणि कित्येकांना माहीत करून न घेणेच सोयीचे असते. त्याच्यावर सत्य सांगण्याची सक्ती करून उपयोग नाही. सांगायला त्याच्याजवळ काही नाही. इथे याज्ञवल्क्याची मुदत उपदेशापेक्षा जास्त कामाची ठरते, कारण तिच्यात कोणाच्या सच्चेपणावर भिस्त नाही. यंत्र चालू द्या, ते स्वतःच सांगेल. अडचण हंगामाची आहे. बेलर आषाढात घेतला तर त्यात भरायला शिवारात ना गव्हाचा भुसा, ना सोयाबीनचे कुटार. अशा वेळी किमतीचा काही भाग अडवून ठेवावा आणि दसरा-दिवाळीत पाच दिवस सलग गाठी बांधून झाल्यावर द्यावा, हे दोघांनी कागदावर लिहून घेणे मला रास्त वाटते. यात भार आता घेणाऱ्यावरही येतो. दव असताना ओले कुटार भरले, बारीक किंवा कुजकी सुतळी लावली, गाठीचा दाब अवाच्या सवा वाढवला आणि मग नॉटर खराब म्हणून पैसे अडवले, तर तीच चोरी उलट दिशेने झाली. नारदस्मृतीला घेणाऱ्याची ही बाजूही माहीत होती: घेतल्याचा पस्तावा झाला तर त्याच दिवशी, न बिघडवता, वस्तू परत करावी, दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा हिस्सा सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, त्यानंतर ती त्याचीच. तेव्हा कागद करताना सुतळी कोणती आणि कुटार किती कोरडे हेही लिहावे, आणि पाच दिवसांतला निदान पहिला दिवस विकणाऱ्याने स्वतः ट्रॅक्टरवर बसून यंत्र चालवावे. मागे वळून कुठली गाठ सुटते हे तेव्हा दोघांनाही एकदमच दिसेल.