भिंत नसलेली खोली

अलाबामा राज्यातल्या हेल काउंटीत एका म्हातारीचं लाकडी घर होतं. दोन खोल्या, वर एकच छप्पर आणि खोल्यांच्या मधोमध आरपार मोकळा बोळ. अमेरिकेच्या दक्षिणेत अशा जुन्या घरांना 'डॉगट्रॉट' म्हणतात. सगळं घर विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेलं, म्हणजे खालूनही वारा खेळता. म्हातारी त्या बोळातच शेंगा सोलायची, पाहुणा आला तर तिथेच बसवायची, आणि दुपारी तिथेच आडवी व्हायची.

मुलगा बर्मिंगहॅमला चार पैसे कमावून परतला. त्याला त्या बोळाची लाज वाटू लागली.

"आई, लोक म्हणत असतील, यांना भिंतीपुरतेही पैसे नव्हते."

"तुझ्या आज्याने ती जागा मुद्दाम सोडलीय."

त्याने ऐकलं नाही. बोळाची दोन्ही तोंडं फळ्या ठोकून बंद केली. साप शिरतात म्हणून खांबांमधल्या जागाही विटांनी बुजवल्या. घर चारचौघांसारखं दिसू लागलं. शेजाऱ्यांनी वाखाणलंसुद्धा, शेजाऱ्यांना त्यात राहायचं नव्हतं.

तिकडचा उन्हाळा भयंकर दमट. वाऱ्याची वाट बंद झाली तशी खोल्यांतली ऊब आतच कोंडली. खिडकीत एसी बसवला, तो दिवसरात्र घरघरू लागला. जमिनीची ओल खाली अडकली आणि फळ्यांच्या जमिनीखालच्या तुळया हळूहळू भुसभुशीत झाल्या.

जवळच्या न्यूबर्न गावात ऑबर्न विद्यापीठाचा 'रुरल स्टुडिओ' आहे. सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रुथ यांनी तो 1993 मध्ये सुरू केला. तिथले विद्यार्थी गावकऱ्यांसाठी खरीखुरी घरं बांधतात. 2005 पासून तर वीस हजार डॉलरांत बसेल असं घर रचण्याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यांतली दोघं एकदा टेप घेऊन म्हातारीच्या दारात आली.

"मधला बोळ कुठे गेला?"

"त्याची खोली केली," मुलगा ऐटीत म्हणाला.

"आम्ही नव्या घरात तसाच बोळ ठेवायचं म्हणतोय. मापं घ्यायला आलो होतो."

"एवढं शिकून तुम्हालाही भिंत परवडत नाही?"

"भिंत परवडते हो," त्या दोघांतली मुलगी म्हणाली, "पण मागून येणारं विजेचं बिल राहणाऱ्याला परवडत नाही."

मुलगा पायाखालच्या करकरणाऱ्या फळीकडे बघत राहिला. आतून म्हातारीचा आवाज आला, "पोरं मोजायला आलीत ना? मग मोजण्यासारखं काहीतरी दाखव त्यांना. हातोडा चुलीमागे आहे."