जुनी आळी कोणासाठी?

सुटीचा दिवस एखाद्या जुन्या वस्तीत हिंडून घालवावा, ही हौस आम्हां सुशिक्षितांत आता चांगलीच रुजली आहे. हौस निरुपद्रवी खरी. परंतु तिच्या पोटी एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो सौंदर्याचा नसून नीतीचा आहे. जुनी आळी जुनीच राहावी, अशी अपेक्षा तीत न राहणाऱ्याने बाळगावी काय?

वसईच्या परिसरात हा प्रश्न फार स्पष्टपणे समोर येतो. तेथील किल्ल्यापाशी इतिहासाची दाटी आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह याच गावाच्या नावाने ओळखला जातो. कोणी येथे मराठ्यांचा पराक्रम आठवून उल्हसित होतो, तर कोणी १५९७ साली जपानात हुतात्मा झालेल्या गोन्सालो गार्सियाची जन्मभूमी म्हणून मस्तक लववितो. दोन्ही भाव खरे आहेत, आणि त्यांपायी कोणाची अडवणूक होत नाही. कारण तेथील छपरे गेलेल्या चर्चच्या भिंतींत कोणी संसार मांडलेला नाही. त्यांचे जतन कायद्याने व सार्वजनिक खर्चाने होते.

किल्ल्याकडून उमेळ्यासारख्या नांदत्या गावात पाऊल टाकताच मात्र हिशेब बदलतो. कौलारू घर आमच्या डोळ्यांस गोड दिसते. पण पावसाळ्यापूर्वी कौले परतण्याचा खर्च घरधन्याच्या माथी असतो. अरुंद वाट आम्हांस रम्य वाटते; पण रात्री दुखणेकऱ्यास त्याच वाटेने उचलून न्यावे लागते. आनंद एकाचा आणि भार दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे.

यावर कोणी म्हणेल, “प्रत्येकाने आपल्या सोईपुरते पाहिले, तर पूर्वजांचा ठेवा एका पिढीत नाहीसा होईल.” हा आक्षेप पोकळ नाही. जे आजच्या मालकाने निर्मिले नाही, ते सर्वस्वी त्याचेच आहे असेही म्हणवत नाही. परंतु ठेवा जर सर्वांचा, तर तो राखण्याचा खर्चही सर्वांचाच असला पाहिजे. व्हेनिस शहराने २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर प्रवेशशुल्क बसविले. पाहुण्याचाही भार असतो, ही त्यात कबुली आहे. तथापि शुल्क भरणारा पुढे तिकीट काढलेल्या प्रेक्षकाच्या तोऱ्याने वागू लागला, तर वस्तीचे नाट्यगृह होण्यास वेळ लागणार नाही.

शिवाय रहिवाशांस जुने नकोच असते, हीदेखील आमची समजूतच होय. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा आपली गावे तीतून वगळावीत म्हणून तेथील लोकांनी चळवळ केली. त्यांना राखावयाचे होते ते पाणी, हिरवा पट्टा आणि गावाचा कारभार. आम्ही छायाचित्रे घेतो ती मात्र खिडक्यांची आणि ओट्यांची! ज्याच्यावर त्यांचे गावपण उभे आहे, ते आमच्या चित्रात येतच नाही.

पुण्यातील वाडे पाडून इमारती उठल्या, तेव्हा मालकांनी सोईचे व वाढत्या कुटुंबाचे कारण सांगितले, आणि ते समाजास पटले. तेच कारण उमेळ्यातील घरधन्याने सांगितले, की आम्ही “वैभव लोपले” म्हणून हळहळतो! स्वतःच्या घरास एक न्याय आणि पाहावयाच्या घरास दुसरा, यास रसिकता म्हणता येईल. नीती म्हणता येणार नाही.

म्हणून जुन्या वस्तीत अवश्य हिंडावे, पण पाहुण्याच्या मर्यादेने. तिचे जतन लोकहिताचे वाटत असेल, तर त्यासाठी कर देण्यास आधी आपण राजी व्हावे. भार उचलण्याची तयारी नसेल, तर डोळे भरून पाहावे, मनोमन आभार मानावे, आणि त्या घराचे पुढे काय करावयाचे हे त्यात राहणाऱ्यावर सोपवावे.