अक्षर अडलंय कुठे?

पवनी तालुक्यातल्या कोंढ्यात तुम्ही लॅपटॉपसमोर बसला आहात असं धरा. पडद्यावर काळी खिडकी, तिच्यात क्यूईएमयू, त्याच्या पोटात लिनक्सचं आभासी यंत्र. तुम्ही ‘कोंढा’ टाइप करून एंटर दाबलंत. काहीच उमटलं नाही. बोट पुन्हा एंटरकडे निघालंय, आवरा त्याला. ते जादा एंटरही रांगेत उभं राहील आणि अजून न विचारलेल्या प्रश्नाला परस्पर होकार देऊन मोकळं होईल.

आता एकाच अक्षरामागून सावकाश चला. पहिला मुक्काम बाहेरच्या यंत्राचं टर्मिनल. एरवी ते एंटर येईपर्यंत सगळी ओळ स्वतःकडे राखतं. म्हणूनच तर बॅकस्पेसने चूक पुसता येते! आभासी यंत्राला मात्र प्रत्येक कळ लगेच हवी, म्हणून क्यूईएमयू टर्मिनलला रॉ मोडमध्ये नेतो. खरंच नेलंय का? दुसऱ्या खिडकीतून, पण या पहिल्या खिडकीच्या टर्मिनलवर रोखून, एसटीटीवाय ही आज्ञा चालवून बघा. ‘आयकॅनॉन’ म्हणजे ओळ राखायची ती सवय; तिच्याआधी उणे चिन्ह हवं, म्हणजे ती बंद आहे.

पुढचा मुक्काम आभासी सिरियल पोर्ट, 16550ए चिपची नक्कल. हिची रांग 16 बाइटची. इथे रेंगाळा. क, ओकार, अनुस्वार, ढ, काना: पाच चिन्हं, यूटीएफ-8मध्ये प्रत्येकी 3 बाइट, झाले 15. एंटरचा एक. रांग काठोकाठ! भंडारा 18 बाइटचा. जिल्हा मावत नाही, गाव मावतं. मला याची उगाच मजा वाटते.

रांग भरली की क्यूईएमयू पुढचे बाइट मागे धरतो, खालच्या बांधीत जागा होईपर्यंत वरच्या बांधीतलं पाणी सोडू नये तसा. म्हणजे अडलेलं अक्षर हरवलेलंच असतं असं नाही.

आता एकच कळ दाबा आणि थांबा. उमटली नाही? आणखी काही कळा दाबल्यावर सगळी अक्षरं एकदम आली? मग विचार करा. रांगेत 1, 4, 8 की 14 बाइट साचल्यावर इंटरप्ट, म्हणजे ‘वाचायला या’ अशी हाक, द्यायचा, हे आतला ड्रायव्हर ठरवतो. 14 ठरवले असतील तर एकट्या अक्षराचं काय? खऱ्या चिपमध्ये त्याची सोय आहे: साधारण चार अक्षरं यायला लागेल इतका वेळ नवं काही आलं नाही, की ती इंटरप्ट देतेच. नक्कल लिहिणाऱ्याने ही वेळमर्यादा गाळली असेल, तर शोध तिथूनच सुरू करा.